बावीस खाटा आणि रात्रपाळीचा हिशेब

मिरजेतील एका मोठ्या रुग्णालयात चौदा वर्षे परिचारिका म्हणून काम केल्यानंतर २००८ मध्ये मी नोकरी सोडली आणि घराच्या पुढच्या खोलीत एक टेबल, एक फोन आणि एक शंभर पानी वही एवढ्या भांडवलावर घरोघरी रुग्णसेवेसाठी बायका पुरवणारा ब्युरो सुरू केला. मिरज हे दवाखान्यांचे गाव. बेळगाव-विजापूरकडूनही लोक येथे उपचाराला येतात. शस्त्रक्रिया होते, टाके निघतात, डिस्चार्जचा कागद हातात पडतो, आणि मग खुब्याचे हाड मोडलेल्या किंवा अर्धांगवायू झालेल्या म्हाताऱ्या माणसाला न्यायचे कुठे, हा प्रश्न रुग्णालयाच्या पायरीवरच उभा राहतो, कारण मुलगा पुण्याला, मुलगी बंगळूरला आणि घराला कुलूप असते. अशा तीन कुटुंबांनी एकाच महिन्यात ‘ताई, तुमच्याकडेच ठेवून घ्या ना’ असे म्हटल्यावर २०११ मध्ये आम्ही नवरा-बायकोने एक दुमजली बंगला भाड्याने घेतला, जुन्या सामानाच्या बाजारातून लोखंडी खाटा आणल्या आणि सहा जणांची सोय केली. आज आमच्याकडे बावीस खाटा आहेत.

खाटा कशा वाढल्या, यात सांगण्यासारखे फारसे नाही. गरज इतकी होती की वाढल्या नसत्या तरच नवल. वृद्धांना सांभाळणाऱ्या एखाद्या केंद्रात मारहाण झाली, आजींना घाणीत पडू दिले, अशी बातमी आली की लोक ‘माणसे आहेत की कोण’ असे म्हणतात, आणि बरीच वर्षे मीही तेच म्हणत होते. पुढे त्यांपैकी काही गोष्टी माझ्याच छपराखाली घडल्या. त्या का घडल्या, हे समजून घेण्यात गेलेली वर्षे या हकिकतीतून वगळली, तर उरेल ती केवळ जाहिरात होईल.

पहिली तीन वर्षे रात्री मी स्वतः असे. सहा माणसे, मी आणि एक मावशी. कोणाला कोणत्या कुशीवर झोप लागते, कोणाला दुधात साखर चालत नाही, हे तोंडपाठ होते. २०१४ मध्ये शेजारचा मजला मिळाला, खाटा चौदा झाल्या आणि मी दिवसपाळीला, म्हणजे खरे तर टेबलामागे, गेले. रात्रीसाठी बारा तासांची एक सेविका ठेवली. एक का, तर तेवढेच परवडत होते, आणि रात्री सगळे झोपलेलेच तर असतात, असे मी धरून चालले होते. चौदा वर्षे रात्रपाळ्या केलेल्या बाईने असे धरून चालावे, याचे मला आजही आश्चर्य वाटते; पण मालकाच्या खुर्चीवर बसले की परिचारिकेला ठाऊक असलेल्या गोष्टी हळूहळू विसरता येतात.

२०१६ च्या पावसाळ्यात एका निवृत्त मुख्याध्यापिका बाईंच्या माकडहाडावर बेडसोअर झाला. सकाळी त्यांना पुसताना रुपयाएवढा लाल डाग दिसला. बोटाने दाबला तर पांढरा पडेना, आणि आठवड्याभरात तेथे खड्डा झाला. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर हाडाखाली चेपलेल्या कातडीला रक्त पोहोचत नाही आणि ती आतून मरू लागते, हे आमच्याकडे सर्वांना शिकवलेले होते, आणि वहीत तर सारे वेळेवर झालेले होते. दहा, बारा, दोन, चार, सहा. प्रत्येक वेळेपुढे सही. मी वही खिडकीशी नेऊन नीट पाहिली. पाचही नोंदी एकाच शाईत, एकाच दमात, एकाच कलत्या हाताने लिहिलेल्या होत्या, आणि दोन वाजताही ‘डावी कूस’ होती आणि चार वाजताही ‘डावी कूस’. त्या बाईला मी दुपारीच कामावरून काढले आणि आपण न्याय केला अशा समाधानात महिना काढला. तिच्या जागी आलेल्या दुसरीनेही तेच केले.

तेव्हा मी घड्याळ घेऊन तीन रात्री स्वतः काढल्या. चौदांपैकी नऊ जण पूर्ण अंथरुणावर होते. एकाची कूस बदलणे, पाठ पाहणे, डायपर ओला असल्यास बदलणे, चादर ओढून सरळ करणे, यांना मिळून, एकटीने करायचे तर, सरासरी बारा मिनिटे लागली. नऊ गुणिले बारा म्हणजे एकशे आठ. दोन तासांत मिनिटे असतात एकशे वीस. उरलेल्या बारा मिनिटांत उठून फिरणाऱ्या दोघांना बाथरूमला नेऊन आणायचे, कोणाला खोकल्याची ढास लागली तर बसवायचे, पाणी पाजायचे, आणि तीन वाजता ‘गाडी सुटायची वेळ झाली’ म्हणून शर्ट चढवणाऱ्या निवृत्त रेल्वे गार्डना समजावून परत झोपवायचे. आणि हे संपेपर्यंत पहिल्या खाटेची पुढची पाळी आलेली असते. सेविकेने स्वतः जेवणे किंवा टेकणे या हिशेबात कोठेच बसत नव्हते. तिसऱ्या रात्री, चौथ्या फेरीला, मी दोघींना न हलवता पुढे गेले आणि वहीत मात्र ‘उजवी कूस’ असे लिहिले. माझ्या हाताने, माझ्याच संस्थेच्या वहीत.

हा हिशेब एकदा मांडला की बाकीच्या बऱ्याच गोष्टी उलगडत जातात. संध्याकाळी पाचनंतर आमच्याकडे वृद्धांना पाणी कमी दिले जात होते, हे मला फार उशिरा कळले. तसे करा असे कोणी सांगितले नव्हते. एका सेविकेकडून दुसरीकडे ती रीत गेली होती, कारण पाणी कमी तर रात्री डायपर कमी. पण पाणी कमी पडले की लघवी दाट होते, जंतुसंसर्ग होतो, आणि म्हाताऱ्या माणसाला लघवीच्या संसर्गात कधी कधी तापाआधी भ्रमच होतो. तो रात्रभर ओरडतो, शेजारची खोली जागी होते, सेविका वैतागते, आणि सकाळी मुलाला फोन जातो की बाबा आवरत नाहीत, झोपेची गोळी सुरू करावी लागेल. गोळीने माणूस दिवसाही गुंगीत राहतो. गुंगीत घास भरवला की ठसका लागतो, अन्न श्वासनलिकेत जाते आणि न्यूमोनिया होतो. मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनिया लिहिला जातो. संध्याकाळी न दिलेला पाण्याचा पेला कोणत्याही कागदावर येत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आमची आणखी एक परीक्षा झाली. कृष्णेला महापूर आला, सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले, आणि गावभागातून व पलूसकडच्या गावांतून येणाऱ्या आमच्या बायका आपापल्या घरात किंवा घराच्या छपरावर अडकल्या. आमचा बंगला उंचावर असल्याने कोरडा राहिला, पण अठरा वृद्धांना सांभाळायला दोन सेविका, मी आणि माझे यजमान, एवढीच माणसे चार दिवस होती. डायपर संपले, जुन्या साड्या फाडल्या, नळाचे पाणी बंद झाले. त्या चार दिवसांत कोणी कोणावर ओरडले नाही, त्या दोघी तर झोपल्याच नाहीत म्हटले तरी चालेल, आणि तरीही पूर ओसरला तेव्हा पाच जणांच्या पाठीवर किंवा टाचांवर जखमा होत्या. हेळसांड व्हायला दुष्ट माणूस लागतच नाही, हे त्यानंतर मला कोणी समजावून सांगण्याची गरज उरली नाही.

मारहाणीची गोष्ट मात्र इतकी निर्दोष नाही. २०२० च्या टाळेबंदीत आम्ही भेटी बंद केल्या, तसा आदेशच होता, आणि चार सेविका पन्नासहून अधिक दिवस केंद्रातच राहिल्या. मेच्या एका रात्री मी तापमान मोजायला वर गेले, तेव्हा गार्डकाकांचा उजवा हात ओढणीने खाटेच्या कठड्याला बांधलेला दिसला. सोडल्यावर मनगटाभोवती विणीची नक्षी उमटलेली होती. बांधणारी बाई आमच्याकडची सर्वांत मायाळू समजली जाणारी. आजींच्या केसांत रोज सकाळी अबोली माळणारी. तिने लपवले नाही. ‘ताई, ते तीनदा उठले, पडले असते, मी एकटी कुठे कुठे पळू?’ असे ती म्हणाली, आणि मग खाली मान घालून, आदल्या आठवड्यात एक चापट मारल्याचेही तिने सांगितले. त्या दिवशी काकांनी तिच्या हातचे पाणी थुंकून टाकले होते आणि तिच्या जातीवरून एक शब्द उच्चारला होता. स्मृतिभ्रंशात माणूस नातवाचे नाव विसरतो, पण आयुष्यभर तोंडात असलेले असले शब्द विसरत नाही, आणि ते ऐकून घेण्याचे पैसे आम्ही कोणालाही देत नाही. याने चापट क्षम्य ठरत नाही. मी तिला वॉर्डातून काढून स्वयंपाकघरात घेतले. पूर्ण काढून टाकायला हवे होते, असे माझे यजमान अजूनही म्हणतात, आणि ते चुकीचे आहेत असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

काकांच्या मुलाला मी त्याच रात्री फोन करून सर्व सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला आणि नंतर म्हणाला, ‘मॅडम, पण बाबांना दुसरीकडे नेऊ कुठे?’ तक्रारी का येत नाहीत, याचे उत्तर त्या वाक्यात आहे. वृद्ध बोलू शकत नाही किंवा बोललेले भ्रमात धरले जाते. नातेवाइकांना पर्याय नसतो आणि आपण आई-वडिलांना येथे ठेवले याची बोचही असते, त्यामुळे ते फार खोलात शिरत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने दिलेला आकडा असा आहे की वृद्धांच्या निवासी संस्थांतील तीनपैकी दोन कर्मचाऱ्यांनी गेल्या वर्षभरात आपल्याकडून काही ना काही गैरवर्तन झाल्याचे स्वतः सांगितले. मी तो प्रथम वाचला तेव्हा मला धक्का बसला नाही. उरलेल्या तिसऱ्याबद्दलच कुतूहल वाटले.

सरकारी बाजूने आम्हाला कधी कोणी रात्रीचे विचारले नाही. ‘नर्सिंग होम’ म्हणजे आपल्याकडे डॉक्टरांचे छोटे रुग्णालय, आणि त्याची नोंदणी १९४९ च्या कायद्याखाली होते. वृद्धाश्रम म्हणजे बहुधा धर्मादाय संस्था. आमच्यासारखी पैसे घेऊन शुश्रूषा करणारी केंद्रे या दोहोंच्या मधल्या फटीत उभी राहिली. ज्येष्ठ नागरिकांसाठीचा २००७ चा कायदा मुख्यतः मुलांच्या कर्तव्याचा आणि निर्वाहभत्त्याचा आहे. अशा केंद्रांची नोंदणी आणि किमान दर्जा यांची तरतूद २०१९ मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात होती, पण ते विधेयक कायदा झाले नाही. मला दुकाने-आस्थापनांचा परवाना विचारला गेला, अग्निशमनाची नळकांडी मोजली गेली.

टाळेबंदीनंतर आम्ही खाटांपेक्षा हातांची संख्या आधी ठरवू लागलो. बावीस जणांना रात्री तीन सेविका, पाळी आठ तासांची, आणि पूर्ण अंथरुणावरचे रुग्ण दहाच्या वर घ्यायचे नाहीत. अकरावा आला तर खाट रिकामी असली तरी नाही म्हणायचे. कूस बदलल्याची वही बंद केली. त्याऐवजी सकाळची परिचारिका प्रत्येकाची टाच आणि माकडहाड बोटाने दाबून पाहते, कारण कातडी खोटी सही करत नाही. नातेवाइकांनी फोन न करता, कोणत्याही वेळी यावे, असे दारावर लिहिले; पहिल्या महिन्यात रात्री साडेअकराला एक जावई आले तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता, हेही सांगते. १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा हेल्पलाइन क्रमांक प्रत्येक खोलीत लावला आहे. कॅमेरे आहेत, पण जाहिरातीत दाखवतात तेवढा त्यांचा उपयोग नाही: कॅमेऱ्याला उगारलेला हात दिसतो, न दिलेले पाणी दिसत नाही.

या सर्वांचा खर्च आभाळातून पडत नाही. मासिक शुल्क आम्हाला जवळजवळ एक तृतीयांशाने वाढवावे लागले आणि पाच कुटुंबांनी आपली माणसे नेली. त्यांना मी दोष देत नाही. निवृत्तिवेतनावर एक घर आणि एक आजारी माणूस, दोन्ही चालत नाहीत. ब्युरोच्या दिवसांत सेविकेच्या पगारातून पहिल्या महिन्याचे अर्धे पैसे मी कमिशन म्हणून कापत असे, तेही बंद केले. त्यानंतर बायका टिकू लागल्या, आणि टिकलेल्या बाईला गार्डकाकांची तीनची गाडी माहीत असते. ती पावणेतीनलाच त्यांना उठवून बाथरूमला नेते, हातात रिकामी शिट्टी देते, आणि गाडी वेळेवर सुटली असे सांगून झोपवते.

मागच्या आठवड्यात जतहून एका गृहस्थांचा फोन आला. वडील अर्धांगवायूने अंथरुणावर, नाकातून नळी. आमचे शुल्क ऐकून ते म्हणाले की याच परिसरात जवळजवळ निम्म्या पैशांत एक ठिकाण मिळते आहे. मी भाव कमी केला नाही. तेथे रात्री किती रुग्णांमागे किती माणसे असतात, तेवढे विचारून घ्या, असे त्यांना सांगितले. ‘ते कसं विचारणार, ताई,’ असे म्हणून त्यांनी फोन ठेवला.