बॉल उचलण्याआधी

बॉल डांबरी कार्ट-पाथच्या बरोबर मध्यावर पडला होता आणि मी खूश होतो. आयुष्यातली पहिलीच गोल्फ स्पर्धा, स्ट्रोक प्ले (म्हणजे एकूण फटके, स्ट्रोक, मोजायचे), चौथा होल. अशा रस्त्यावरून फुकट रिलीफ मिळतो, म्हणजे दंड न घेता बॉल उचलून दुसरीकडे हातातून सोडता, 'ड्रॉप' करता येतो, एवढं मला पाठ होतं. उजवीकडे फेअरवेला, म्हणजे खेळायच्या मुख्य पट्ट्याला, लागून छान कापलेलं गवत, डावीकडे काटेरी झुडूप. मी बॉल उचलला, पँटला पुसला आणि उजवीकडे चालू लागलो.

"कुठे निघालात?" बरोबर खेळणाऱ्या काकांनी विचारलं. ते माझे मार्कर होते, म्हणजे माझा स्कोअर त्यांच्या हातात.

"ड्रॉप करायला."

"तिकडे नाही." त्यांनी शांतपणे झुडपाकडे बोट दाखवलं.

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण ते गंभीर होते. रिलीफ सोयीच्या जागेवर मिळत नाही, सर्वांत जवळच्या जागेवर मिळतो. आणि जवळची म्हणजे जिथे बॉल, माझे पाय आणि स्विंग हे तिन्ही रस्त्याच्या अडथळ्यातून सुटतील, पण बॉल होलच्या जवळ जाणार नाही, अशी. मी उजव्या हाताने खेळतो, म्हणजे होलकडे पाहिलं तर माझे पाय बॉलच्या डावीकडे असतात. रस्त्याच्या डाव्या कडेबाहेर बॉल जेमतेम ठेवला की पाय आपोआप आणखी डावीकडे, मोकळे. उजवीकडे मात्र बॉल कडेबाहेर ठेवला तरी पाय डांबरावरच, म्हणून आणखी दोन-तीन पावलं सरकावं लागतं. बॉल मध्यावर असेल तर उजव्या हाताच्या माणसाची जवळची जागा डावीकडेच येते. माझी येत होती झुडपात.

"मग राहू दे रिलीफ. होता तिथेच ठेवतो."

"ठेवा. एक स्ट्रोक दंड."

रिलीफ घेणार म्हणून बॉल उचलायचा हक्क होता. रिलीफ नाकारला की तो हक्कही गेला, आणि मग मी नुसताच चालू बॉल उचललेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी दंड घेतला, बॉल डांबरावर ठेवला आणि सात नंबरच्या लोखंडी क्लबने मारला. जो आवाज झाला तो शेजारच्या होलवरच्या माणसांनीही वळून बघण्यासारखा होता. त्या क्लबच्या तळावर बोटभर लांबीचा ओरखडा आहे, अजून अंगठा फिरवला की लागतो.

नियम मी वाचलेच नव्हते असं नाही. वाचले होते, पण परीक्षेच्या आदल्या रात्री वाचावेत तसे. १७४४ साली स्कॉटलंडमधल्या लीथच्या गोल्फ खेळणाऱ्यांनी लिहिलेले नियम फक्त १३ होते. त्यांत दगडांबरोबर हाडंही हलवू नयेत असं बजावलेलं आहे. तिथे हाडं कुठून येत असतील याचा विचार मी बरेच दिवस केला. आता गोल्फचे नियम ठरवणाऱ्या आर अँड ए आणि यूएसजीए या संस्था मिळून जे पुस्तक काढतात त्यात २५ नियम आहेत, आणि एकेका नियमाच्या पोटात इतकी पोटकलमं की कुटुंबाची वंशावळ बरी.

माझी खरी अडचण मात्र पुस्तकाची नव्हती, कोर्सवर फुकट मिळणाऱ्या सल्ल्याची होती. २०१९ मध्ये नियम मुळापासून बदलले, पण लोकांच्या डोक्यात जुनेच मुक्कामाला आहेत. बॉल शोधायला पाच मिनिटं, असं मला तिघांनी सांगितलं. ती आता तीन आहेत. एकाच फटक्यात क्लब बॉलला चुकून दोनदा लागला तर दंड, असंही ऐकलं. आता तो एकच स्ट्रोक धरतात, दंड नाही. ड्रॉप खांद्याच्या उंचीवरून करायचा नाही, गुडघ्याच्या. रिकी फाउलरसारख्या व्यावसायिक खेळाडूनेही २०१९ च्या सुरुवातीला सवयीने खांद्यावरून ड्रॉप करून एक स्ट्रोक दंड भरला, तिथे आपली काय कथा! तेव्हापासून कोणी ठामपणे नियम सांगायला लागलं की मी मनात विचारतो, हा कोणत्या सालचा?

आणि विचारायला मी घाबरत होतो, तेही विनाकारण. स्पर्धेत दुसऱ्याला सल्ला विचारणं गुन्हा आहे हे ऐकलेलं. 'इथून कोणता क्लब घेऊ?' असं प्रतिस्पर्ध्याला विचारलं की दोन स्ट्रोक. पण नियम काय आहे हे विचारणं सल्ल्यात मोडतच नाही, खुशाल विचारा. हे आधी कळलं असतं तर त्या रस्त्यावर मी उचलण्याआधी काकांना विचारलं असतं.

दुसरा फटका शब्दाचा बसला. एका होलवर माझा टी-शॉट, म्हणजे होलचा पहिला फटका, उजवीकडच्या दाट रफमध्ये, लांब गवतात शिरला. मी खिशातून दुसरा बॉल काढला, "आणखी एक मारतो" म्हणालो, आणि फेअरवेच्या मधोमध असा सुरेख मारला की स्वतःलाच शाबासकी दिली. मग रफमध्ये गेलो तर मिनिटाभरातच पहिला बॉल समोर, गवतावर नीट बसलेला, माझे दोन निळे ठिपके वर करून. मी ओरडलो, "सापडला!"

काकांनी फक्त विचारलं, "मारताना तुम्ही काय म्हणालात?"

प्रोव्हिजनल, म्हणजे पहिला सापडला नाही तर धरायचा बॉल मारताना तो प्रोव्हिजनल आहे हे तोंडाने स्पष्ट सांगावं लागतं. 'सापडला नाही तर असावा म्हणून मारतो' हेही चाललं असतं, त्यातून हेतू कळतो. पण 'आणखी एक मारतो' हे काहीच सांगत नाही. त्या तीन शब्दांनी दुसरा बॉल खेळात आला, आणि तो माझा तिसरा स्ट्रोक ठरला: एक पहिला, एक दंड, एक हा. सापडलेला बॉल खिशात घालायला हरकत नव्हती, पण मारला असता तर चुकीचा बॉल खेळल्याचे आणखी दोन स्ट्रोक. आता मी 'प्रोव्हिजनल' हा शब्द इतक्या मोठ्याने म्हणतो की मागचा गट दचकतो.

पाण्याचं प्रकरण त्या मानाने सोपं निघालं. पाण्याची हद्द दाखवणाऱ्या लाल खुंटांच्या आत बॉल गेला की मी तो बुडाला तिथे समोर काठावर ड्रॉप करायला धावायचो. खरं तर पाहायचं असतं ते बॉलने लाल हद्द शेवटची कुठे ओलांडली ते, आणि माझ्या स्लाइसमुळे, म्हणजे उजवीकडे वळणाऱ्या फटक्यामुळे, तो बिंदू नेहमीच बराच मागे येतो. तिथून दोन क्लब-लांबी, होलच्या जवळ नाही, एक स्ट्रोक दंड. लांबी मोजायची बॅगेतल्या सर्वांत लांब क्लबने, पण होलजवळ बॉल घरंगळवायचा पटर सोडून. पिवळे खुंट असतील तर ही बाजूला ड्रॉप करायची सवलत नाही. बॉल पाण्यातच गेला असं म्हणायला नुसता अंदाजही पुरत नाही, नियमाच्या भाषेत किमान ९५ टक्के खात्री लागते. लाल खुंट आड आला तर उपटता येतो, कोर्सची हद्द दाखवणारा पांढरा नाही. मी एकदा पांढरा उपटलाही, कारण तो माझ्या स्विंगमध्ये येत होता. "होता तसा परत रोवा, अजून मारलेलं नाही तोवर," असं वेळेवर सांगणारं कोणी होतं म्हणून वाचलो.

बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, माणूस हाताने नाही, सवयीने चुकतो. वाळलेलं पान, काटकी, खडा आता उचलता येतो, मात्र उचलताना बॉल हलला तर एक स्ट्रोक दंड. पण फटक्याआधी बॉलच्या मागे क्लब टेकवला किंवा सरावाच्या स्विंगमध्ये वाळू उडवली की दोन. २०१० च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये व्हिसलिंग स्ट्रेट्सला शेवटच्या होलवर डस्टिन जॉन्सनने हेच केलं. प्रेक्षकांनी तुडवलेल्या त्या वाळूच्या पट्ट्याला तो बंकर समजलाच नाही, क्लब टेकवला, आणि दोन स्ट्रोकांनी त्याचा बरोबरी सोडवणारा प्लेऑफ गेला. आपण उभे आहोत तो बंकर आहे की नाही, हा प्रश्न मला तोवर विनोदी वाटायचा. पुढे तोच माझ्यावर आला.

दुसरी स्पर्धा, बारावा होल. पुन्हा तेच काका. माझा फटका खाली राहिला आणि बॉल बंकरच्या बाजूच्या गवताळ भिंतीत घुसला. घुसला म्हणजे अक्षरशः; स्वतःच पाडलेल्या खड्ड्यात अर्धा आत, मातीत रुतलेला. वाळूपासून वीतभर वर. मी वाकलो, हात पुढे केला, आणि थांबलो. चौथ्या होलचं डांबर आठवलं.

काकांचं म्हणणं, बंकरमध्येच आहे, आहे तसा मारा. मला वाचल्याचं आठवत होतं की गवताची किंवा मातीची कड बंकरमध्ये धरत नाहीत, आणि बंकरबाहेर कोर्सच्या सर्वसाधारण भागात रुतलेल्या बॉलला फुकट रिलीफ असतो. पण 'वाचल्याचं आठवतंय' याला काकांच्या तीस वर्षांसमोर काय वजन? मागचा गट येऊन उभा राहिला. पंच कुठेच दिसेना.

अशा वेळेसाठी एक तरतूद आहे, आणि माझ्या मते अख्ख्या पुस्तकात तिच्याइतकं समजूतदार काही नाही. स्ट्रोक प्लेमध्ये काय करावं याची शंका असेल तर दोन बॉलांनी होल पुरा करता येतो, दंड न घेता. मॅच प्लेमध्ये, म्हणजे एकेक होल जिंकायच्या प्रकारात, हे चालत नाही. फक्त पुढचा फटका मारण्याआधी सांगावं लागतं की दोन खेळतोय आणि नियमात बसला तर कोणता धरायचा. न सांगता मारलं तर जो आधी खेळला तोच तुम्ही निवडला असं मानतात. मी काकांसमोर उभा राहून लग्नातल्या मंगलाष्टकांइतक्या स्पष्टपणे म्हणालो, "दोन बॉल खेळतोय. रिलीफ घेतलेला बॉल धरायचा आहे."

"म्हणा," काका म्हणाले, म्हणजे त्यांना पटलेलं नव्हतं.

पहिला बॉल आहे तसा मारला. मातीसकट निघाला आणि वाळूत येऊन पडला. मग दुसरा. रुतल्या जागेच्या लगेच मागून एक क्लब-लांबी मोजली, गुडघ्याच्या उंचीवरून सोडला. उतारावरून टुणटुणत तो बंकरमध्ये. पुन्हा सोडला, पुन्हा बंकरमध्ये. दोनदा निसटला की तिसऱ्यांदा ड्रॉप नाही. दुसऱ्या वेळी बॉल जमिनीला जिथे पहिल्यांदा टेकला तिथे हाताने ठेवायचा. मी ती जागा नजरेने धरून ठेवली होती, एक वाकलेली गवताची काडी. तिच्याशेजारी बॉल ठेवला, बोटं हळूच काढली. तो थरथरला आणि राहिला. काका माझ्याबरोबर खाली वाकून बघत होते, श्वास धरून, जणू त्यांचाच बॉल.

गंमत म्हणजे दोन्ही बॉलांनी सहाच झाले. पहिल्याने बंकरमधून बाहेर येताच पटरचा एक लांब फटका होलमध्ये गेला, दुसऱ्याला मला पटरचे तीन फटके लागले. "चला, वादच मिटला," काका म्हणाले.

चौदाव्यावर त्यांचा बॉल ग्राउंड अंडर रिपेअरमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठी राखलेल्या जागेत गेला; तिथूनही रिलीफ मिळतो. मोजमाप व्यवस्थित केलं आणि मग हात सरळ खांद्याच्या रेषेत नेऊन बॉल सोडला. "काका, गुडघा," मी म्हणालो. अजून मारलेलं नव्हतं म्हणून उचलून पुन्हा ड्रॉप करता आला, दंड लागला नाही. पुढचे दोन होल ते फारसे बोलले नाहीत.

खेळ संपल्यावर स्कोअर जमा करायच्या टेबलापाशी आलो. काकांनी सही करायला पेन काढलं. मी म्हटलं, बाराव्याचं आधी समितीला सांगायचंय. "सहा आणि सहा! त्यात सांगण्यासारखं काय आहे?" पण नियम तसाच आहे: स्कोअर सारखे आले तरी कार्ड देण्याआधी समितीला घडलं ते सांगायचं, नाहीतर बाद. टेबलामागच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं, बॉल वाळूला टेकत होता का ते विचारलं, मी कोणता बॉल निवडला होता ते काकांना वेगळं विचारलं. मग म्हणाल्या, "गवताची कड बंकर नाही. रिलीफ बरोबर. दुसऱ्या बॉलचे सहा."

काका काही बोलले नाहीत. मी त्यांचा मार्कर होतो, म्हणून त्यांचं कार्ड त्यांच्याकडे सरकवलं. १९६८ च्या मास्टर्समध्ये रोबेर्तो दे विसेन्सोच्या कार्डावर एका होलवर तीनऐवजी चार लिहिले गेले आणि त्याने तशीच सही केली. जास्तीचा आकडा कायम राहतो, म्हणून एका स्ट्रोकने त्याचा प्लेऑफ गेला. कमी आकड्यावर सही केली तर थेट बाद. काकांनी चष्मा चढवला आणि एकेका होलवर बोट ठेवत खाली येऊ लागले. अकराव्यावर बोट थांबलं.

"इथे चार लिहिलंत तुम्ही. माझे पाच झाले होते."

मी खोडून पाच केले. त्यांनी पुन्हा पहिल्या होलपासून सुरुवात केली.