काट्यावरचं एमएलचं बटण फक्त पाण्याचं

स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ग्रॅमसोबत एमएलचाही पर्याय असतो. तो निवडला की काटा आकारमान मोजतो, असं बऱ्याच जणांना वाटतं. काटा मोजतो फक्त वजन. १ ग्रॅम म्हणजे १ मिली, हे पाण्याचं गणित तो समोर येईल त्या द्रवाला लावतो. काही काट्यांवर दुधाची वेगळी सोय असते, एवढंच. एमएलवर ठेवून २४० दिसेपर्यंत तेल ओतलं, तर भांड्यात २६० मिली पडतं. मध ओतला तर जेमतेम १७० मिली.

म्हणून काटा ग्रॅमवरच ठेवा आणि पाककृतीतल्या मिलीला त्या द्रवाच्या घनतेने गुणा. लागणारे आकडे मोजकेच आहेत. पाणी १, दूध १.०३, तेल आणि पातळ केलेलं तूप ०.९१ ते ०.९२, कंडेन्स्ड मिल्क साधारण १.३, मध १.४२. घोटलेलं दही दुधाइतकंच धरलं तरी चालतं. काकवी मधाच्या जवळपास येते, पण किती आटवली आहे त्यावर आकडा हलतो, त्यामुळे नवी बाटली आणली की एकदा कप भरून तोलावी. चक्का कपाने मोजूच नये. मध्ये पोकळ्या राहतात.

तेलाचा आकडा पाठ करायचीही गरज नाही, पिशवीवर तो छापलेलाच असतो: १ लीटर, ९१० ग्रॅम. तेल तापलं की फुगतं. १ लीटर सोयाबीन तेल २१ अंशांना सुमारे ९१९ ग्रॅम भरतं, ६० अंशांना ८९३. काही कंपन्या पिशवीवर ६० अंशांचा उल्लेख करून लीटरमागे कमी वजन दाखवत. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने तापमानाचा उल्लेख काढून टाकायला सांगितलं, ते योग्यच झालं. स्वयंपाकात हाच हिशेब उकळत्या पाण्याला लागतो: १ लीटर उकळतं पाणी ९५८ ग्रॅमच असतं, शिवाय वाफ जाते ती वेगळी. उकडीसाठी पाणी गार असतानाच मोजा.

गुणाकाराआधी कप किती मिलीचा, ते बघा. आपल्याकडे २४० आणि २५० असे दोन्ही कप विकले जातात, जपानी पाककृतीत २००चा कप असतो, आणि ऑस्ट्रेलियात टेबलस्पून १५ नाही तर २० मिलीचा. २४०च्या कपाने अर्धा कप मध म्हणजे १२० मिली, म्हणजेच १७० ग्रॅम. इथे १२० ग्रॅम घातला तर जवळपास तिसरा हिस्सा मध कमी पडतो. केक फिका होतो आणि दुसऱ्या दिवशी कोरडा लागतो. तेलात हीच चूक झाली तर दहाएक ग्रॅमचाच फरक पडतो, तो बहुतेक खपून जातो. घट्ट गोड द्रवांच्या बाबतीत मात्र वजनाला पर्याय नाही, कारण कपाला चिकटून राहणारा मध कुठल्याच हिशेबात येत नाही.

पावाच्या कणकेत आणखी एक खोच आहे. ५०० ग्रॅम मैद्याला ३५० ग्रॅम पाणी लागत असेल आणि त्याऐवजी तितकंच दूध घातलं, तर पाणी ३०५ ग्रॅमच मिळतं. दुधात साधारण ८७ टक्केच पाणी असतं. कणीक घट्ट होते आणि दोष यीस्टवर जातो. ४०० ग्रॅम दूध घ्या.

तोलताना भांडं काट्यावर ठेवून शून्य करा, एक जिन्नस ओता, पुन्हा शून्य करा, मग पुढचा. गॅसवरून उतरवलेलं गरम पातेलं काट्यावर ठेवू नका, आकडा सरकत राहतो. थेंबथेंब ओतलं तर कित्येक काटे ते मोजतच नाहीत, शून्यावरच बसून राहतात, म्हणून धार सलग ठेवा. आणि व्हॅनिला इसेन्ससारखे ५ ग्रॅमच्या आतले जिन्नस चमच्यानेच घ्या, १ ग्रॅमच्या काट्याचं तिथे काम नाही.