गुण बदलू नका, गुणांचा अर्थ सोबत पाठवा

कोल्हापुरातील एका कनिष्ठ महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवते. बारावीनंतर थेट अमेरिकेत पदवीसाठी अर्ज करणारे विद्यार्थी आमच्याकडे फार नसतात, पण जे असतात त्यांची कागदपत्रे बहुधा माझ्या हातून पुढे जातात, आणि त्यांच्या पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, आमच्या टक्क्यांचा जीपीए किती धरायचा?" जीपीए म्हणजे अमेरिकी शाळांतील श्रेणींची, बहुधा चारपैकी काढलेली सरासरी. मुलाने बारा वर्षे केलेल्या अभ्यासाचे मोल चारपैकी एका आकड्यात मोजले जाणार आणि तो आकडा कसा काढायचा हेच घरात कोणाला ठाऊक नाही, ही धास्ती मला अगदी समजते. मात्र या प्रश्नावर जेवढी शक्ती खर्च होते, तेवढी ती तेथे खर्च होऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

मागे गडहिंग्लजच्या एका विद्यार्थिनीचे वडील इंटरनेटवरून छापून घेतलेले चार कागद घेऊन आले होते. मुलीला अकरावीत ७८ टक्के गुण होते. पहिल्या कागदावर ७८ ला शंभराने भागून चाराने गुणले होते आणि उत्तर आले होते ३.१२. दुसऱ्यावर सीबीएसईचे जुने ९.५ चे सूत्र वापरून आधी दहापैकी ८.२१ आणि मग त्यावरून ३.२८ असा आकडा काढला होता. तिसऱ्या कागदावर अमेरिकी शाळांचा तक्ता होता. त्यात ७७ ते ७९ गुण म्हणजे सी प्लस, म्हणजेच २.३. चौथ्यावर ६० टक्क्यांच्या पुढचे सगळे ए श्रेणीत धरले होते, त्यामुळे तेथे पूर्ण ४.० होते. मुलगी तिसऱ्या कागदाकडे बघून म्हणाली, "मॅडम, यात तर मी जेमतेम पास दिसते." वडिलांना चौथा कागद अर्जाला जोडावासा वाटत होता, पण उद्या कोणी खोटेपणाचा ठपका ठेवला तर काय, ही भीतीही होतीच.

या चारही कागदांतला गुणाकार-भागाकार बरोबर होता आणि तरीही त्यांतला एकही आकडा त्या मुलीविषयी काही सांगत नव्हता. अमेरिकेतील बहुतेक शाळांमध्ये वर्षभराचा गृहपाठ, छोट्या चाचण्या, प्रकल्प आणि वर्गातील सहभाग मिळून श्रेणी ठरते. तेथे नियमित काम करणाऱ्या चांगल्या विद्यार्थ्याला ९० च्या पुढे गुण मिळणे स्वाभाविक असते आणि साठीतील गुण म्हणजे डी. आपल्याकडे ३५ ला उत्तीर्ण, ६० ला प्रथम श्रेणी आणि ७५ ला विशेष प्रावीण्य. बारावीच्या भौतिकशास्त्रात ७० गुणांची लेखी परीक्षा आणि ३० गुणांचे प्रात्यक्षिक असते, आणि त्या लेखी परीक्षेच्या तीन तासांत जे उतरले तेच खरे. दोन्हीकडची पट्टी शंभराचीच असली तरी तिच्यावरच्या खुणा निरनिराळ्या जागी आहेत. त्यात अमेरिकेतील शाळांचाही आपसांत मेळ नाही: काही शाळा कठीण अभ्यासक्रमांना जास्त भार देऊन जीपीए पाचपैकी मोजतात, तर काही शाळा जीपीए मोजतच नाहीत. ज्या आकड्याला त्याच्या स्वतःच्या देशात एकच एक अर्थ नाही, तो आपण इथे कोल्हापुरात, राजारामपुरीत बसून अचूक काढू शकू, ही अपेक्षाच चुकीची आहे.

शिवाय हा आकडा आपल्याकडे कोणी मागितलेलाही नसतो. अनेक अमेरिकी विद्यापीठांसाठी चालणाऱ्या एकाच ऑनलाइन अर्जात, म्हणजे कॉमन अ‍ॅपमध्ये शाळा जीपीए देत असेल तरच तो लिहायचा असतो. देत नसेल तर रकाना मोकळा ठेवता येतो. वर्गातील क्रमांकाच्या रकान्यातही 'नाही' हा पर्याय असतो. स्वतः रूपांतर करू नका, गुण मूळ गुणपत्रिकेवर आहेत तसेच द्या, अशी सूचना अनेक विद्यापीठांच्या प्रवेश विभागांनी परदेशी विद्यार्थ्यांसाठी स्पष्ट शब्दांत दिलेली असते. मोठ्या विद्यापीठांत अर्ज वाचणाऱ्यांकडे जगाचे भाग वाटून दिलेले असतात आणि भारताचे अर्ज वाचणाऱ्या व्यक्तीला राज्य मंडळ, सीबीएसई आणि आयसीएसई यांतील फरक माहीत असतो. तिला माहीत नसते ते तुमचे महाविद्यालय. त्या महाविद्यालयात ७८ टक्के म्हणजे वर्गातला पहिला दहावा भाग की शेवटचा, हे तिला कोण सांगणार?

माझ्या मते सगळी मेहनत या ठिकाणी घेतली पाहिजे. अर्जासोबत गुणपत्रिकांबरोबरच शाळेची ओळख करून देणारे एक-दोन पानांचे पत्रकही जाते. अमेरिकेतील शाळांमध्ये ते समुपदेशकाकडे तयार असते. आपल्याकडे बहुतेक कनिष्ठ महाविद्यालयांनी ते कधी लिहिलेलेच नसते, कारण ते कोणी मागितलेलेच नसते. आम्ही आमचे लिहिले तेव्हा गेल्या वर्षीच्या अकरावीच्या निकालाचे रजिस्टर समोर ठेवले आणि विज्ञान शाखेत किती विद्यार्थ्यांना ९० च्या पुढे गुण आहेत, किती ८० ते ९० मध्ये आहेत, किती ७० ते ८० मध्ये आहेत, हे मोजून एका छोट्या तक्त्यात मांडले. तो तक्ता पाहताच त्या मुलीच्या ७८ टक्क्यांना अर्थ आला: ती वर्गात बरीच वर होती. हे सांगण्यासाठी तिचा एकही गुण बदलावा लागला नाही.

त्याच पत्रकात दहावीच्या निकालाविषयीही लिहावे लागते आणि तेथे जास्त काळजी घ्यावी लागते. दहावीत ९४ आणि अकरावीत ७८ हे आकडे शेजारी शेजारी पाहणाऱ्याला वाटते की मुलगी घसरली. खरी गोष्ट अशी असते की दहावीची टक्केवारी उत्तम पाच विषयांवर काढली जाते, शाळेचे अंतर्गत गुण त्यात असतात, आणि चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांचे किंवा खेळाचे वाढीव गुणही कित्येकांच्या बेरजेत असतात. फुटबॉल आणि कुस्तीच्या या गावात खेळाच्या गुणांविषयी वेगळे सांगायला नको. मुलांनी ते घाम गाळून मिळवलेले असतात, पण ते कशाचे आहेत हे परक्या वाचकाला कळले पाहिजे. अकरावीची परीक्षा मात्र महाविद्यालय स्वतः घेते, अभ्यासक्रम एकदम जड होतो आणि त्याच वर्षी मुले जेईई, नीट किंवा सीईटीच्या क्लासमध्ये दिवसाचे कित्येक तास घालवत असतात. हे सारे तक्रारीचा सूर न लावता तीन-चार वाक्यांत लिहिता येते.

रूपांतराच्या काळजीत अडकलेल्या पालकांचे ज्या अडचणीकडे हमखास दुर्लक्ष होते, ती म्हणजे चार वर्षांची गुणपत्रिका. अमेरिकी विद्यापीठाला नववी ते बारावी असा सलग हिशेब हवा असतो. आपल्याकडे नववी-दहावी एका शाळेत आणि अकरावी-बारावी दुसऱ्या संस्थेत, त्यामुळे ही चार वर्षे एका कागदावर कधीच येत नाहीत. त्या विद्यार्थिनीला नववीच्या निकालपत्रकासाठी एसटीने गडहिंग्लजला जावे लागले. तेथील लिपिकांनी जुना गठ्ठा सोडून रजिस्टर काढले, मुख्याध्यापकांनी प्रतीवर सही-शिक्का दिला आणि मग आम्ही आमच्या लेटरहेडवर चारही वर्षांचे विषयवार गुण, प्रत्येकी कितीपैकी आहेत हे लिहून, एकत्र मांडले. मूळ निकालपत्रक मराठीत असेल तर त्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतरही जोडावे लागते.

बारावीचे गुण तर अर्जाच्या वेळी हातात नसतातच. मंडळाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, आणि बहुतेक नियमित अर्जांची मुदत जानेवारीच्या सुरुवातीला संपते. म्हणून शिक्षकांनी अंदाजित गुण द्यायचे असतात. हे ऐकल्यावर माझे काही सहकारी बिचकतात, कारण मंडळाच्या निकालाआधी गुण लिहून देणे त्यांना नियमबाह्य वाटते. तो निकाल नसून शिक्षकाचे मत आहे, असे पत्रात नमूद केले की अडचण उरत नाही. पालकांच्या आग्रहाखातर हा अंदाज फुगवू मात्र नये. मे महिन्यात मंडळाचा निकाल लागल्यावर अंतिम गुणपत्रिकाही विद्यापीठाला पाठवायची असते आणि दोन्हींत मोठी तफावत दिसली तर मिळालेला प्रवेशही धोक्यात येऊ शकतो.

शिवाजी विद्यापीठातून पदवी घेऊन अमेरिकेत एमएससाठी, म्हणजे पदव्युत्तर पदवीसाठी, अर्ज करणाऱ्यांचे प्रकरण थोडे निराळे आहे. त्यांच्या अर्जात बहुधा सरासरी आणि ती कितीपैकी आहे, असे दोन रकाने असतात. तेथे दहापैकी किंवा शंभरपैकी, जे गुणपत्रिकेवर असेल तेच भरावे. काही विद्यापीठे डब्ल्यूईएससारख्या, परदेशी गुणपत्रिका तपासून त्यांचे अमेरिकी पद्धतीत रूपांतर करणाऱ्या संस्थेकडून मूल्यमापन करून घ्या असे सांगतात. त्यांनी सांगितले तरच ते करावे, कारण त्याला बरेच पैसे लागतात. 'जीपीए प्रमाणपत्र' म्हणून कोणी खासगी सल्लागार छापील कागद विकत असेल तर तो घेऊ नये. प्रवेश विभागाच्या दृष्टीने त्याला काहीही किंमत नाही.

यंदा अर्ज करणाऱ्यांनी प्राचार्यांना जुलै-ऑगस्टमध्येच भेटावे. नियमित फेरीच्या आधी असलेल्या लवकरच्या फेरीची मुदत बऱ्याच ठिकाणी १ नोव्हेंबर असते आणि दिवाळीची सुट्टी नेमकी त्याच्या आसपास येते. कार्यालय बंद असताना शिक्का कोण मारणार आणि कॉमन अ‍ॅपवर शाळेच्या वतीने कागद कोण चढवणार, हे आधी ठरलेले बरे. ज्या महाविद्यालयांत समुपदेशक नाही तेथे प्राचार्य किंवा एखादे शिक्षक हे काम करू शकतात. आमच्या पत्रकाचा नमुना मी कोल्हापूर, सांगली, साताऱ्यातील कोणत्याही शिक्षकाला द्यायला तयार आहे. त्यातले आमचे आकडे काढून आपल्या रजिस्टरमधले आकडे भरायला एक दुपार पुरते.