पटकेटचा संघ आणि दोरीला बांधलेला कॅन

परवा अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वुस्टरच्या पोलर पार्कमध्ये बेसबॉलचा सामना बघायला गेलो होतो. जागेवर बसल्या बसल्या लेक म्हणाली, "आई, इथे कॅन खाली सोडता येत नाही." ती आता कॉलेजात आहे, पण तिच्या मनात अजून पटकेटचं मॅकॉय स्टेडियमच आहे.

आमची इथली पहिली काही वर्षं ऱ्होड आयलंडमधल्या पटकेटमध्ये गेली. ब्लॅकस्टोन नदीकाठचं हे गिरण्यांचं गाव. पाण्याच्या जोरावर सूत काढणारी स्लेटर मिल इथे 1793 मध्ये उभी राहिली. माझे आजोबा परळच्या गिरणीत कामाला होते, त्यामुळे त्या विटांच्या इमारती मला पहिल्या दिवसापासून ओळखीच्या वाटल्या. आणि त्या गावाचा जीव होता पॉसॉक्स, म्हणजे पटकेट रेड सॉक्स.

पॉसॉक्स खेळायचा ती मायनर लीग, म्हणजे मेजर लीग या सर्वांत वरच्या स्पर्धेच्या खालची पायरी. तिची पद्धत आपल्या रणजीसारखी नाही. बॉस्टनचा रेड सॉक्स हा मेजर लीगमधला बडा संघ. पॉसॉक्सच्या खेळाडूंना आणि कोचना नेमणारा तोच, पगार देणाराही तोच. स्टेडियम, तिकिटं, जाहिराती एवढं स्थानिक मालकाकडे. बॉस्टनमध्ये कोणी जखमी झालं की इथला खेळाडू सामान भरून तासाभराच्या अंतरावरच्या फेनवे पार्कला निघाला! गावाने ज्याला डोक्यावर घेतलं, तो दुसऱ्या दिवशी गावात नसायचा. हे नातं 1970 मध्ये जुळलं आणि 1973 पासून पटकेट 'ट्रिपल-ए'ला, म्हणजे मेजर लीगच्या एकच पायरी खाली आलं. जिम राइस, रॉजर क्लेमेन्स, मूकी बेट्स हे सगळे इथूनच वर गेले.

मध्यंतरी संघ पार दिवाळखोरीत गेला होता. 1977 मध्ये बेन मॉन्डोर या निवृत्त गिरणीमालकाने तो हातात घेतला. तिकीट कामगाराच्या खिशाला परवडेल एवढं ठेवलं, गाडी लावायला पैसे घेतले नाहीत, आणि हळूहळू स्टेडियम भरू लागलं.

त्या स्टेडियमची गंमत अशी, की खेळाडूंचे डगआउट, म्हणजे बसायच्या जागा, प्रेक्षकांच्या अगदी पायाखाली होते. त्यामुळे समोरासमोर सही मागायची सोय नाही. मग पोरं दुधाच्या प्लास्टिकच्या कॅनला खिडकी कापायची, आत चेंडू आणि पेन ठेवायची आणि विहिरीत पोहरा सोडावा तसा तो कॅन दोरीने खाली सोडायची. दोरीला हिसका बसला की ओढून घ्यायचा. चेंडूवर सही असायची! लेकीचे किती शनिवार असे गेले.

पण पटकेटचं नाव बेसबॉलच्या इतिहासात कोरलं गेलं ते 1981 च्या एका सामन्याने. 18 एप्रिल, ईस्टरच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ. समोर बाल्टिमोर ओरिओल्सचा ट्रिपल-ए संघ रॉचेस्टर. बेसबॉलमध्ये सामना अनिर्णित सोडत नाहीत. नऊ इनिंगनंतर बरोबरी असेल तर निकाल लागेपर्यंत खेळायचं. एका ठराविक वेळेनंतर खेळ थांबवायचा नियम होता, पण पंचांकडच्या नियमपुस्तिकेतून नेमका तोच गळला होता. त्यामुळे खेळ चालूच राहिला. 21 व्या इनिंगमध्ये रॉचेस्टरने आघाडी घेतली आणि पटकेटच्या वेड बॉग्जने लगेच बरोबरी करून दिली. थंडी एवढी, की खेळाडूंनी मोडक्या बॅटी जाळून हात शेकले. अखेर लीगच्या अध्यक्षांशी फोनवर बोलणं झालं आणि पहाटे 4 वाजून 7 मिनिटांनी, 32 इनिंगनंतर खेळ थांबला. तेव्हा प्रेक्षक उरले होते 19. मॉन्डोरने त्या सगळ्यांना पास दिले.

उरलेला खेळ 23 जूनला झाला. मेजर लीगचे खेळाडू तेव्हा संपावर होते, त्यामुळे देशभरचे पत्रकार या छोट्या गावात येऊन धडकले. 33 व्या इनिंगला, अवघ्या 18 मिनिटांत, पटकेटच्या डेव्ह कोझाच्या फटक्यावर मार्टी बॅरेट धावत होम प्लेटवर पोहोचला, विजयी धाव झाली आणि सामना 3-2 असा संपला. एकूण 8 तास 25 मिनिटं. व्यावसायिक बेसबॉलमधला आजवरचा सर्वांत लांब सामना.

त्या रात्री पटकेटकडून तिसऱ्या बेसवर क्षेत्ररक्षण करायला बॉग्ज होता, रॉचेस्टरकडून कॅल रिपकेन. दोघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत गेले. ज्याने सामना संपवला तो कोझा मात्र मेजर लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. मला या सगळ्या गोष्टीत तोच सर्वांत जवळचा वाटतो. वर जाणाऱ्यांची नावं बॉस्टन लक्षात ठेवतंच. न गेलेल्यांची पटकेटने ठेवली.

2010 मध्ये मॉन्डोर गेले. 2015 मध्ये संघ नव्या मालकांकडे गेला. नवं स्टेडियम कोणाच्या पैशातून बांधायचं यावर वर्षानुवर्षं काथ्याकूट झाला, आणि 2018 मध्ये संघ वुस्टरला नेण्याचं जाहीर झालं. निरोपाचा हंगाम 2020 चा. तो कोविडमुळे झालाच नाही. त्या उन्हाळ्यात मैदानावर टेबलं मांडली होती, लोक गवतावर बसून जेवले. असा निरोप कोणत्याच गावाच्या वाट्याला येऊ नये.

2021 पासून संघ वूसॉक्स म्हणून वुस्टरमध्ये खेळतो. वुस्टरही ब्लॅकस्टोनच्याच काठी, फक्त नदीच्या वरच्या अंगाला. पोलर पार्क छान आहे, स्वच्छ आहे. मॅकॉय पाडलं, तिथे शाळा होणार आहे.

परवा आठव्या इनिंगमध्ये एक खेळाडू बाद होऊन मान खाली घालून परतत होता. वयाने तिशीकडे झुकलेला. लेक उभी राहिली आणि त्याचं नाव घेऊन जोरात टाळ्या वाजवू लागली. मीही उठले.