हळद्याला माझा लळा लागलाय का?

"तुला ओळखतो का गं तो?" पुण्याहून व्हिडिओ कॉलवर मावशी विचारते, इथे सिडनीत शेजारीण विचारते, ऑफिसात डबा उघडला की कुणीतरी विचारतंच. पाठोपाठ, "किती दिवसांत हातावर यायला लागला?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सगळं लिहिते.

"पाल पाळलीय" म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही. हळद्या हा बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मधल्या कोरड्या मुलखातला सरडा. इथे तो ठेवायला परवाना लागतो आणि तो माझ्या नावावर आहे. म्हणजे जे झालं तेही माझ्याच नावावर.

हळद्या घरी आला तो गणपतीच्या दोन दिवस आधी. नव्या जागी निदान आठवडा-दोन आठवडे त्याला हात लावू नका, असं आधीच्या मालकिणीने बजावलं होतं. मी हो हो म्हटलं होतं. पण घर भरलेलं, आरती झाली की जो तो त्याच्या काचेच्या टँकपाशी. त्याच्या पोटावर काळसर रेघा उमटल्या होत्या. त्या ताणाच्या असतात. मला नक्षी वाटली. "अगं, काढ ना बाहेर, मुलांना बघू दे." मी वरून हात घातला.

त्याच्या डोक्यावर मधोमध बारीक ठिपक्याएवढा तिसरा डोळा असतो. त्याला चित्र दिसत नाही, उजेड आणि सावली तेवढी कळते. वरून सावली आली म्हणजे झडप घालणारा पक्षी. त्याची गळ्याखालची दाढी फुगली, काळी ठिक्कर पडली, जबडा उघडला. मी दचकले, त्याला घाईघाईने आत सोडलं आणि काच सरकवली. शेपटीचं टोक काचेत सापडलं.

आवाज काहीच झाला नाही. "आई, काच!" लेक ओरडली तेव्हा मला कळलं.

"येईल की परत," कुणीतरी धीर दिला. पालीचं येतं, याचं येत नाही. टोक काळं पडत वर सरकायला लागलं, तेव्हा डॉक्टरांनी दीड इंच कापलं. अकरा दिवस त्याने काही खाल्लं नाही. लेक माझ्याशी बोलत होती, पण हळद्याबद्दल अवाक्षर नाही.

मी मुद्दाम केलं नव्हतं. पाहुण्यांना नाही म्हणणं तुम्हाला तरी जमलं असतं का? पण मला जमायला हवं होतं. हाताळल्याशिवाय सवय कशी लागणार, असं मी तेव्हा ठासून सांगायचे. तेव्हाच्या माझ्यातल्या त्या बाईचा मला अजून राग येतो.

मग टँकला तीन बाजूंनी चादर लावली. दिव्याखालचा दगड चाळीस अंशांवर, दुसरं टोक पंचवीसच्या आसपास. ऊब नसेल तर त्याला खाल्लेलं पचतच नाही. रोज संध्याकाळी मी शेजारी नुसती बसायचे. माझी वापरलेली ओढणी आत ठेवली. पुढे चिमट्याने झुरळं, मग तळहात खाली, बाजूने, त्याला दिसेल असा. तो तळहातावर आपणहून चढला तो सातव्या आठवड्यात. तुमचं सात दिवसांत झालं असेल, माझं नाही झालं.

"सरड्याला काय कळतंय?" हेही ऐकते. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठात एका ड्रॅगनने डोक्याने दार सरकवलेलं पाहून दुसऱ्यांनी तसंच केलं होतं. तो पाहून शिकतो. मग पहिल्याच आठवड्यात माझ्याकडून काय शिकला असेल?

आता तो माझ्या हातावर डोळे मिटून पडतो. वर्षभर मी सगळ्यांना सांगितलं, बघा, लळा लागला. नंतर कळलं की भेदरलेला ड्रॅगनही डोळे मिटून घेतो. दाढी फिकी असते, पोटावर रेघा नसतात, म्हणून मी बरं वाटून घेते. पण हात गरम असतो, तेवढ्यासाठीही तो येत असेल. लेक म्हणते, "येतो ना, मग झालं." माझं तेवढ्याने होत नाही.

यंदा गणपतीत त्याचा टँक आतल्या खोलीत असेल, दार लावलेलं. दर्शनाला जरूर या.