कोपर टेकून बसलेली माणसं

रविवार, रात्री

दारूची चित्रं बघायला बसलं की सुरुवात बहुतेकांची होगार्थपासून होते. माझीही तिथूनच झाली. इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थचं 'जिन लेन' १७५१ सालचं. लंडनच्या सेंट जाइल्स वस्तीतला रस्ता. मधोमध पायऱ्यांवर बसलेली बाई, उघड्या पायांवर फोड, चिमटीत तपकीर, आणि तिचं तान्हं मूल कठड्यावरून खाली चाललंय. तिला पत्ताच नाही. बाजूला सावकाराच्या दारात सुतार करवत गहाण टाकतोय, त्याच्यामागे एक बाई घरातली भांडीकुंडी घेऊन उभी. मागे पडक्या घरात कुणी गळफास घेतलाय. या चित्राच्या छापील प्रती एकेका शिलिंगला विकल्या जात होत्या आणि त्याच वर्षी पार्लमेंटने जिनच्या विक्रीवर लगाम घालणारा कायदा केला. म्हणजे चित्राने आपलं काम चोख केलं, यात वाद नाही.

पण मला त्या चित्राचा राग येतो. बघणाऱ्याची नजर थेट त्या आईवर जाऊन आदळेल अशीच त्याची रचना आहे. जिन गाळणारा किलमन नावाचा भट्टीवाला आहे, पण तो एका पाटीपुरता, कडेला. गरिबांच्या गल्लीत ती जिन इतकी स्वस्त कुणी करून ठेवली, हा प्रश्न त्या पाटीमागेच राहतो. मूल पडतं ते आईच्या हातून, म्हणून दोषी आई.

आपल्याकडे गडकऱ्यांनी उलटं केलं. 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आलं, बालगंधर्व सिंधू झाले, आणि दारुड्याच्या घरातली बाई कशी असावी याचा नमुनाच महाराष्ट्राला मिळाला. लोकांची दळणं दळणारी, नवऱ्याविरुद्ध शब्द न काढणारी. नाटक थोर आहे, सुधाकराचं घसरत जाणं आजही अंगावर येतं. तळीराम तर नाटकातून उठून आपल्या रोजच्या बोलण्यात येऊन बसला. पण सिंधूने फार घरांचं नुकसान केलं असं मला मनापासून वाटतं.

आमची मामी. मामा कारखान्यात फिटर होता, हात सोन्याचा, आणि पगाराच्या दिवशी हमखास पिऊन यायचा. मामी शिवणाचे क्लास घेऊन घर चालवायची, आल्यागेल्याला चहा करायची, आणि वाड्यातल्या बायका कौतुकाने म्हणायच्या, "अगदी सिंधू गं!" एका रात्री तिने आतून कडी लावून घेतली. मामा दार वाजवत राहिला, शिव्या दिल्या, मग जिन्यातच झोपला. मामी आत गाढ झोपली, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. हे तिनेच मला पुढे सांगितलं, आणि सांगताना तिच्या आवाजात अपराधीपणाचा लवलेश नव्हता. वाड्यातलं कौतुक मात्र त्या रात्रीपासून बंद झालं. त्या कडीचा उल्लेख नातेवाईक अजूनही आवाज खाली आणून करतात. मामाच्या बाटल्यांबद्दल कुणी कधी आवाज खाली आणला नाही.

फ्रेंच चित्रकार देगाचं चित्र या सगळ्याच्या कितीतरी पलीकडचं आहे. 'अ‍ॅबसिंथ' या नावानेच ते सगळ्यांना माहीत; अ‍ॅबसिंथ ही त्या काळची एक कडक दारू. १८७५–७६ सालचं, पॅरिसच्या 'न्यूव्हेल अथेन' कॅफेतलं. एक बाई, एक पुरुष, शेजारी शेजारी, पण एकमेकांशी संबंध नसल्यासारखे. बाईचे खांदे गळालेले, पाय पुढे फेकलेले, समोर ग्लासात दुधाळ हिरवट पेय. पुरुष पाइप ओढत दुसरीकडेच बघतोय. टेबलांना पाय काढलेलेच नाहीत, संगमरवराच्या फळ्या नुसत्या अधांतरी आहेत. आपण जणू पलीकडच्या टेबलावर बसून त्यांच्याकडे बघतोय. देगाने बोट दाखवलेलं नाही आणि गळाही काढलेला नाही.

बघणाऱ्यांनी मात्र कसर भरून काढली. १८९३ साली लंडनच्या ग्राफ्टन गॅलरीत ते लागलं तेव्हा केवढा गदारोळ झाला! टीकाकारांनी त्या बाईच्या चेहऱ्यावरून तिचं चारित्र्य, तिचा आळस, तिचं आख्खं आयुष्य वाचून दाखवलं. ती होती एलेन आँद्रे, अभिनेत्री. शेजारचा मार्सेलाँ देबूताँ, चित्रकार. दोघेही देगाचे ओळखीचे, त्याच्यासाठी बसलेले. ही माणसं दारुडी नाहीत, असं देगाला सांगावं लागलं. देबूताँबद्दल कुणी फारसं बोललं नाही. इथेही चिखल बाईच्याच अंगावर.

त्या काळात फ्रान्समध्ये अ‍ॅबसिंथ इतकी बोकाळली त्याला कारण होतं. फिलॉक्सेरा नावाच्या किडीने द्राक्षमळे उजाड केले, वाइन महागली आणि कारखान्यातल्या अल्कोहोलवर बनणारी अ‍ॅबसिंथ गरिबाच्या आवाक्यात आली. किडीने मळे खाल्ले आणि मळ्यांपासून कोसो दूर शहरातली माणसं पोखरली गेली. पिण्याच्या या सवयीची जुनाट आजार म्हणून पद्धतशीर मांडणी स्वीडनच्या माग्नुस हुस या डॉक्टरांनी १८४९ सालीच केली होती. चारित्र्य वाचणाऱ्यांना ती वाचायची नव्हती.

दुपारपासून खरं तर मी दुसऱ्याच चित्रात अडकले आहे. तुलूझ-लोत्रेक या फ्रेंच चित्रकाराचं, १८८७ ते ८९ मधलं. नाव साधंच, 'हँगओव्हर'. गोल टेबलापाशी एक तरुणी एका बाजूला तोंड करून बसली आहे. समोर बाटली आणि ग्लास. कोपर टेबलावर, हनुवटी मुठीवर, ओठ कडवटपणे मिटलेले. नजर बाटलीवर नाही आणि कुणा माणसावरही नाही. रंग असे लांब लांब रेघांनी लावलेत की चित्र अर्धवट सोडल्यासारखं वाटतं. बसली होती सुझान व्हालादाँ, लोत्रेकच्याच इमारतीत राहणारी. धुणी धुणाऱ्या बाईची मुलगी, आधी सर्कशीत कसरती करायची, तिथे पडली आणि मग चित्रकारांपुढे बसून पोट भरू लागली. रन्वार, प्युव्हिस, लोत्रेक, सगळ्यांसाठी बसली. बसता बसता बघत राहिली आणि स्वतः चित्रं काढायला लागली. तिची रेखाटनं पाहून तिला उचलून धरणारा कोण, तर देगा. त्याने ती विकतही घेतली.

दारू लोत्रेकला पुरून उरली. १८९९ मध्ये त्याला दवाखान्यात कोंडलं, तेव्हा आपण शुद्धीवर आहोत हे दाखवायला त्याने नुसत्या आठवणीतून सर्कशीची चित्रं काढली. १९०१ साली गेला, वय ३६.

आणि सुझानचा मुलगा मोरिस उत्रिलो. 'हँगओव्हर'साठी ती बसत होती तेव्हा तो चार-पाच वर्षांचा असेल, घरी आजीजवळ. लहानपणी आजीच त्याच्या सुपात वाइन घालायची असं सांगतात. विशीतच पिणं हाताबाहेर गेलं आणि १९०४ साली त्याची रवानगी इस्पितळात झाली. डॉक्टरांच्या सल्ल्यावरून सुझानने त्याच्या हातात ब्रश दिला. त्यातून पॅरिसच्या माँमार्त्र वस्तीतले ते पांढरे रस्ते आले, रंगात प्लास्टर कालवून रंगवलेल्या भिंती, पाठमोरी चिमुकली माणसं. ब्रशने दारू सुटली नाही. एका ग्लाससाठी चित्र देऊन टाकण्याचे दिवसही आले. पण तो जगला, १९५५ पर्यंत.

सुझान सिंधू नव्हती. पोर आजीकडे टाकून कामाला जाणारी, चित्रं काढणारी आई होती. पुढे ती मुलाच्याच मित्राच्या, आंद्रे उत्तेरच्या प्रेमात पडली. तो तिच्याहून एकवीस वर्षांनी लहान. तिला नावं ठेवायला जागा हवी तेवढी आहे, आणि ठेवणाऱ्यांनी ठेवलीच. मला ती फार जवळची वाटते. मुलगा पितोय म्हणून तिने स्वतःचं काम सोडलं नाही आणि ती काम करते म्हणून मुलालाही सोडलं नाही.

तिने १९१२ साली घरच्यांचं एक चित्र काढलं. मागे उत्तेर, तिसरीकडेच बघणारा. एका बाजूला म्हातारी आई मॅडलीन, चेहरा सुरकुत्यांनी भरलेला. पुढे मोरिस, डोकं हातावर टेकून, डोळ्यांत काही नाही. ही बसण्याची तऱ्हा मी ओळखली. चोवीस-पंचवीस वर्षांपूर्वी बाटलीसमोर ती स्वतः अशीच बसली होती. इथे बाटली नाही, ग्लास नाही. मधोमध सुझान, एक हात छातीवर, आणि चौघांत तीच एकटी सरळ आपल्याकडे बघतेय. दारुड्याच्या घराचं इतकं खरं चित्र मी दुसरं पाहिलेलं नाही. चौघांच्या नजरा चारीकडे आहेत तरी कुणी उठून गेलेलं नाही, आणि कोण कुठे बसणार हे तिने ठरवलंय.

उद्या मामेबहिणीला हे चित्र पाठवणार आहे. तिला विचारायचंय, मामीच्या हातात ब्रश असता तर तिने मामाला कुठे बसवलं असतं, आणि स्वतःला कुठे.