फ्रिजवरची भरती

आमच्या शेजाऱ्यांच्या फ्रिजवर मुलांची चित्रं नाहीत की पिझ्झावाल्याचा नंबर नाही. तिथे भरती-ओहोटीचं वेळापत्रक लटकलेलं असतं. आणि तेही आमच्या सिएटलचं नव्हे, तर पार अलास्कातल्या नाकनेकचं.

जून उजाडला की त्या घराला कुलूप लागतं. आजी, लेक, जावई, दोन नातवंडं, सगळी वरात तिथल्या ब्रिस्टल बे या उपसागरात सॅमन मासे धरायला जाते. जावई एरवी सुतारकाम करतो, पण घर उभं आहे ते त्या सहा आठवड्यांवर. माझं माहेर रेवदंड्याचं. आमच्याकडे १ जूनला मासेमारी बंद होते, होड्या किनाऱ्यावर ओढतात, त्यांच्यावर झापं पडतात. आणि नेमके तेव्हाच हे लोक होडी पाण्यात उतरवतात, याची मला भारी गंमत वाटायची. २०२३ साली आजी म्हणाली, "चल की, स्वयंपाकाला माणूस हवंय." गेले.

नाकनेकला बाहेरून रस्ता येत नाही. किंग सॅमन नावाच्या गावी विमानातून उतरायचं आणि तिथून गाडीने पुढे. लाकडी खोपटं, पाण्याचे कॅन, संडास अंगणाच्या टोकाला. आणि चिखल! भरती आणि ओहोटीत वीस फुटांहून जास्त फरक, त्यामुळे सकाळी जिथे समुद्र होता तिथे दुपारी राखाडी लोणी पसरलेलं. त्यात माझा एक बूट गेला तो गेलाच.

किनाऱ्यावर खुंट, तिथून पाण्यात तीनशे फूट लांब जाळं. वर बोयांची दोरी, खाली शिशाची. नदीच्या ओढीने किनाऱ्याकडेने निघालेला सॉकाय, म्हणजे सॅमनचीच एक जात, त्यात डोकं घालतो आणि कल्ल्यांशी अडकतो. मी लायसन्स काढलेलं नव्हतं, म्हणून जाळ्याला हात लावायची मला मुभा नव्हती. नुसती बघत होते. आजी एका हाताने मासा धरायची, दुसऱ्या हातातल्या छोट्या आकड्याने कल्ल्यात रुतलेला धागा उचलायची, मनगटाला एक हिसका, की मासा मोकळा. मोजून चार सेकंद. गालावर खवले चिकटलेले, नाकाचा शेंडा लाल. नातवाला तेवढ्याला मिनिट लागायचं आणि तो धाग्याला शिव्या घालायचा, त्याही आजीला ऐकू न जाणाऱ्या. मासे लगेच बर्फाच्या पाण्यात. सकाळी उठल्यावर कुणाचीच मूठ वळत नसे. मी चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून द्यायचे.

एक परमिट आजीच्या नावावर आहे, आणि ज्याचं परमिट त्याने जातीने हजर राहायचं हा तिथला नियम. म्हणजे पंचाहत्तरीची बाई घरी बसून हिशेब ठेवेन म्हणेल तर चालत नाही. तिला बसायचंही नव्हतं म्हणा. तिचे वडील शिडाच्या होडीवर मासे धरायचे. ब्रिस्टल बेत १९५१पर्यंत इंजिनाला बंदीच होती.

कधी उठायचं हे मात्र आजीच्याही हातात नाही. वर नदीकाठी मनोरे आहेत. त्यांवर सरकारी माणसं बसून स्वच्छ पाण्यातून जाणारे मासे मोजतात, दर तासाला दहा मिनिटं. अंडी घालायला पुरेसे वर गेले, की मत्स्यखात्याचा माणूस रेडिओवरून जाळी टाकायची वेळ जाहीर करतो. त्या वेळी खोपटात कुणी चमचासुद्धा वाजवायचा नाही. मग मासेमारीची वेळ पहाटे तीन ते अकरा असो की रात्री दहापासून असो. सूर्य साडेअकरानंतर मावळतो, त्यामुळे रात्र म्हणजे काय हा प्रश्नच. मी एकदा मध्यरात्री वरणभात वाढला आणि कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. धाकट्या नातवाचा वाढदिवस ५ जुलैचा, ऐन गर्दीतला. केक सप्टेंबरात. "मी आठ झालोय, पण अजून कापलेला नाही," त्याने मला गंभीरपणे सांगितलं.

आदल्या वर्षी, २०२२ला, सुमारे ७ कोटी ९० लाख सॉकाय परतले होते. विक्रम. एवढं वाचून वाटतं, काय पैसा! पण तेव्हा पौंडाला १ डॉलर १५ सेंट मिळाले होते आणि मी गेले त्या वर्षीचा मूळ दर निघाला ५० सेंट. तोच मासा, तेच हात. दर हाती येतो तोही मासे देऊन झाल्यावर. मी परत आले होते. फोनवर लेकीने आकडा सांगितला आणि लगेच विचारलं, आमच्या कुंड्यांना पाणी घालतेस ना?

तिथे मी एकदा हुशारी केली होती. आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. कागद लागत नाही. हे मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, बोटांवर हिशेब केला, आणि माझी भरती आली तेव्हा समोर मैलभर चिखल. एका खाडीचं गणित दुसरीला लागू नसतं, हे रेवदंड्याच्या मुलीला कळायला हवं होतं. नातवंडं दोन दिवस हसत होती.

आजी हसली नाही. तिने ते गणित वेळापत्रकाच्या पाठीवर लिहून घेतलं. "तुझ्या गावी आले तर लागेल." कागद अजून फ्रिजवर आहे, कोपऱ्यात एक खवला वाळून चिकटलाय. दर ऑगस्टला ती बर्फातला एक मासा घेऊन दारात येते, आमसुलं घातलेलं कालवण करून दे म्हणते, आणि विचारते, आज चतुर्थी आहे का?